सरोजिनीबाई आणि दुसरा आग्रह

घोरपडीत रेल्वे फाटकाच्या अलीकडे बैठ्या घरांची एक ओळ आहे. तिथे सरोजिनीबाई रणपिसे यांचे घर कोणालाही विचारले तरी दाखवतात, कारण आजूबाजूच्या निम्म्या बायका कापड बेतायला त्यांच्याकडेच शिकल्या आहेत. मुलींच्या एका मिशन शाळेत त्या आयुष्यभर शिवणाच्या बाई होत्या. शिलाई वाकडी आली की त्या रागवत नसत. नुसते कापड परत पुढ्यात ठेवत आणि म्हणत, "उसव." पुन्हा वाकडी आली की पुन्हा तेच. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आज आज्या झाल्या, तरी हा एक शब्द विसरलेल्या नाहीत.

त्यांचे यजमान दीनानाथराव खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मनाने साधे, पण जीभ अस्सल पुण्याची. दोन मुले लग्न होऊन आपापल्या संसारात. सकाळी भाजी, दुपारी मशीन, रविवारी देऊळ, असे दोघांचे चालले होते.

अशात एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी एक निरोप वाचून दाखवला. आफ्रिकेतल्या मलावी देशात आपल्यासारखीच एक ख्रिस्ती मंडळी आहे, तिला सेवेसाठी काही स्वयंसेवक हवे आहेत. शाळेच्या भिंती रंगवायच्या आहेत, छप्पर दुरुस्त करायचे आहे आणि तिथल्या बायकांना शिवण शिकवायचे आहे. काम तीन आठवड्यांचे. शिवणाचा शब्द निघाला आणि बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. सरोजिनीबाई खाली बघून चष्मा पुसत राहिल्या.

घरी आल्यावर दीनानाथरावांनी सदरा खुंटीला लावत विषय काढला.

"काय, निघालात का आफ्रिकेला?"

"अहो, मी कुठे काय म्हटलं?"

"नाही, चष्मा इतका कधी पुसत नाहीस तू. पुलगेटला जायचं तर तुला सोबत लागते. आता एकदम समुद्र ओलांडायचा!"

"सोबत आहेच की. श्याम उजागरे नेतोय सगळ्यांना."

"म्हणजे ठरलं. मला उगाच विचारल्यासारखं करू नकोस."

"विचारलंय कुठे अजून?" बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी पोटातली गोष्ट सांगितली. "जायला मला आवडेल हो. पण एक भीती वाटते. मला तिथे मॅडम व्हायचं नाही. तेच व्हायचं असेल तर न गेलेलं बरं."

दीनानाथरावांना हे समजावून सांगावे लागले नाही. बाईंचे वडील कॅम्पातल्या एका मिशन बंगल्यावर माळी होते. बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांत बाईंचे बालपण गेले. परदेशातून पाहुणे आले की आवारातल्या मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभे करत. मुलांनी इंग्रजी गाणे म्हणायचे, मग गोऱ्या मॅडम प्रत्येकाच्या हातात काहीतरी ठेवत जायच्या. कधी रिबीन, कधी साबणाची वडी. फोटो निघायचा. मॅडम वाईट नव्हत्या, उलट फार गोड हसायच्या. पण त्या ओळीत उभे राहताना पोटात जे काहीतरी आवळून यायचे, ते बाईंना साठी उलटली तरी आठवत होते. समोरच्याला ते आवळणे आपल्यामुळे वाटू नये, त्याच्या बरोबरीने बसता यावे, एवढीच त्यांची अट होती. ती त्यांनी दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच घातली होती.

"तू कसली मॅडम होतेस?" दीनानाथराव म्हणाले. "मॅडम लोकांना साडीला फॉल लावायला वेळ कुठे असतो? जा तू. मी पोळ्या शेजारून आणीन. त्या तुझ्यापेक्षा मऊ करतात."

मग तयारी सुरू झाली. रविवार पेठेतून सुया, बॉबिनी, काजाचा दोरा, शिवणाचे खडू घेऊन झाले. श्याम उजागरे हा तुकडीचा म्होरक्या. वाघोलीला राहणारा, कंपनीत नोकरी करणारा तिशीतला मुलगा, मनाने अगदी निर्मळ. त्याने देवळाच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून सूचना दिल्या.

"हे बघा, तिथे आपण टीम म्हणून जातोय, सो डिसिप्लिन पाहिजे. पाणी फक्त बाटलीचं. जेवण गेस्ट हाउसमध्ये. कोणी आजारी पडलं तर अख्खं शेड्यूल कोलमडतं. काकू, तुम्ही हसू नका, मी सीरियसली सांगतोय."

"हसत नाही रे. माझ्या दशम्या चालतील ना?"

"दशम्या चालतील. मलाही द्या."

सहा माणसांची ती तुकडी स्वारगेटहून गाडी करून मुंबईला आणि तिथून विमानाने निघाली. प्रवासाचे बाईंना फारसे काही आठवत नाही. विमानात पाय सुजले आणि शेजारच्या माणसाने खिडकी सोडली नाही, इतकेच. डोळ्यांत भरले ते उतरल्यावरचे. लाल माती, मक्याची शेते आणि रस्त्याच्या कडेला दुकानांच्या व्हरांड्यात पायमशीन मारत बसलेले शिंपी. आपल्याकडचीच काळी, सोनेरी वेलबुट्टीची मशीन! बाईंनी मोटारीच्या काचेला नाक लावले. आपण फार लांब आलेलो नाही, असे त्यांना वाटले.

वर्ग मंडळीच्या सभागृहात भरला. बारा-पंधरा बायका, चार मशीन. शिकवायला नमुना म्हणून बाईंनी पुण्याहून एक झालरीचा फ्रॉक आणला होता. मर्सी नावाची तिथली शाळामास्तरीण दुभाष्याचे काम करायची. बाई इंग्रजीत सांगत, मर्सी ते त्यांच्या बोलीत सांगे. बायकांची पुढारी होती एनिफा. पन्नाशीची, रुंद बांध्याची विधवा, हसली की अख्खी खोली हसायची. तिचे स्वतःचे मशीन होते आणि ती पोट भरत होती ते शिवणावरच. पहिल्याच दिवशी बाईंनी तिची शिलाई पाहिली, बोटाने दाबली आणि मान हलवली. एनिफाने लगेच त्यांच्या पदराचे काठ उलटून पाहिले आणि तिनेही तशीच मान हलवली. बायका खो खो हसल्या. बाईंना वाटले, जमले! आपण ओळीच्या पलीकडे नाही, ओळीतच उभ्या आहोत.

आठवडा सरता सरता एनिफाने बाईंना घरी बोलावले. मर्सीही बरोबर होती. श्यामने गेस्ट हाउसच्या दारातच आठवण दिली, "काकू, फक्त बसून या, हं." बाईंनी हो-हो केले, पण मनात त्यांचे पक्के होते की एनिफाकडे जेवायचेच. पोट बिघडले तर बिघडले. बाजारातून फिरून आल्याने भूकही सणकून लागली होती.

एनिफाचे घर विटांचे, वर पत्रा, अंगण झाडून लख्ख केलेले. आत टेबलावर पांढरा विणलेला रुमाल आणि त्यावर दोन-तीन झाकलेली भांडी. कोंबडीच्या रश्श्याचा वास दारापर्यंत येत होता. सगळे बसले. एनिफाची मुलगी पाण्याचा जग आणि परात घेऊन आली आणि पाहुणीच्या हातावर पाणी घालायला गुडघ्यावर बसली.

आणि इथे सरोजिनीबाईंच्या तोंडून ते गेले.

"नको, नको. कशाला त्रास घेतला? आत्ताच तर चहा झालाय."

हे त्यांनी विचार करून म्हटले नव्हते. आपल्याकडे पाहुणा असे म्हणतोच. पहिल्या वेळी हो म्हणणे म्हणजे हावरटपणा. आईने लहानपणी तसेच शिकवले होते आणि त्यांनी आपल्या मुलांना तसेच शिकवले होते. पाहुण्याने नको म्हणायचे, यजमानाने "असं कसं, घासभर तरी" म्हणायचे, पाहुण्याने पुन्हा मान हलवायची, मग यजमानाने ताट पुढे ओढायचे आणि पाहुण्याने "बरं, तुमचा आग्रह आहे तर" म्हणत जेवायला बसायचे. हा खेळ दोघांनाही ठाऊक असतो. त्यात कोणी फसत नाही.

मर्सीने ते शब्द एनिफाला सांगितले. एनिफाने क्षणभर बाईंकडे पाहिले. मग ती मुलीला हळू आवाजात काही बोलली. मुलगी उठली, जग आणि परात आत घेऊन गेली.

बाई आग्रहाची वाट पाहत राहिल्या. एनिफाने मुलांबद्दल विचारले. बाईंनी सांगितले. बाईंनी पडद्यांचे कौतुक केले. एनिफाने मान डोलावली. भांड्यांवरची झाकणे तशीच राहिली. आता विचारील, मग विचारील, असे करत बराच वेळ गेला. भुकेने बाईंचे पोट इतके गुरगुरले की ते मर्सीला ऐकू गेले असावे. शेवटी एनिफा उठली आणि तिथल्या रीतीप्रमाणे पाहुणीला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आली. रस्ता लागताच ती माघारी वळली.

"काय काय खाल्लं, काकू?" गेस्ट हाउसवर श्यामने विचारले.

"काही नाही रे," बाई म्हणाल्या आणि डब्यातली दशमी काढून बसल्या. पण एक घास खाऊन त्यांनी डबा बंद केला. यजमानीण इतकी कशी रुक्ष, हेच मनात घोळत होते. एकदा तरी विचारायचे होते!

सोमवारी वर्ग भरला. बायका वेळेवर आल्या, पण एनिफा आली नाही. बाईंनी गळपट्टी कशी लावायची ते दाखवले. "कळलं का?" विचारले, तर सगळ्यांनी एका सुरात "येस, मॅडम" म्हटले. कोणी काही विचारले नाही, कोणी हसले नाही, कोणी त्यांच्या पदराला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही तसेच. दोन्ही दिवशी एनिफाची जागा रिकामी. बायका जणू ओळीत उभ्या राहून साबणाची वडी मिळण्याची वाट पाहत होत्या. आणि या वेळी ओळीच्या पलीकडे बाई होत्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी मर्सीला कोपऱ्यात गाठले. "काय झालंय? खरं सांग."

मर्सी आधी टाळू लागली. मग म्हणाली, "एनिफा विचारते, आमचं अन्न घाणेरडं आहे का? तिने तुमच्यासाठी कोंबडी कापली होती. इथे पाहुण्याने अन्न नाकारलं की ते घराला नाकारल्यासारखं होतं. आणि नाकारलेलं पुन्हा पुढे करणं बरं दिसत नाही. त्याचा अर्थ, तुमच्या शब्दावर आमचा विश्वास नाही, असा होतो."

बाई तिथेच बाकावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम त्यांची आई उभी राहिली. तेव्हा बाई सात-आठ वर्षांच्या असतील. पाहुण्या मॅडमांपैकी एक जण माळ्याचे घर बघायला म्हणून त्यांच्या खोलीत आली होती. आईने शेजारून तूप मागून आणून शेवयांची खीर केली होती आणि घरातल्या एकुलत्या काचेच्या वाटीत ती पुढे केली होती. मॅडमने पोटावर हात ठेवला, गोड हसली आणि "नो, थँक यू" म्हणाली. आई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. ती खीर मुलांनी खाल्ली. आईने तिला बोट लावले नाही. त्या मॅडमवरचा राग सरोजिनीबाईंनी इतकी वर्षे नीट घडी घालून जपला होता.

आता प्रथमच त्यांच्या मनात आले की त्या बिचारीच्या मागेही कोणी श्याम उभा असेल. किंवा तिच्या देशात काही वेगळीच रीत असेल. कोणास ठाऊक, तीही भुकेली परत गेली असेल. राग सगळा गेला नाही. पन्नास वर्षांचा राग एका बाकावर बसून जात नसतो. पण त्याची धार गेली.

श्यामला हे सगळे सांगितल्यावर त्याने लगेच तोडगा काढला. "काकू, टेन्शन नका घेऊ. सिंपल आहे. आपल्याकडे एक्स्ट्रा बॅग आहे, त्यातली मोठी कात्री तिला गिफ्ट देऊ आणि सॉरी म्हणू."

"कात्री दिली की संपलंच," बाई म्हणाल्या. "मग मी पुरती मॅडम झाले."

"मग काय करायचं?"

"मागायचं."

"काय मागायचं?"

"जेवायला."

बाई बोलून गेल्या खऱ्या, पण ते किती अवघड आहे हे त्यांनाच ठाऊक होते. भूक लागली तरी दुसऱ्याच्या दारात तोंड उघडायचे नाही, हे त्यांच्या आईने खोल्यांमधल्या त्या गरिबीतही मुलांच्या अंगात भिनवले होते. तिथे तर तो शेवटचा अभिमान होता. आजवर बाईंनी सख्ख्या बहिणीकडेही मागून पाणी घेतले नव्हते. गेल्या दोन रात्री झोप नव्हती ती वेगळीच. पण दुसरी वाट त्यांना दिसेना.

बुधवारी दुपारी त्या गेस्ट हाउसमध्ये जेवल्या नाहीत. खोटे बोलायचे नव्हते, तर भूक खरीच असायला हवी. मर्सीला घेऊन, आधी निरोप न धाडता, त्या एनिफाच्या घरी गेल्या. एनिफा व्हरांड्यात मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवले नाहीत, फक्त मान वर केली.

बाईंनी पदर सारखा केला. मर्सीकडे न बघता, थेट एनिफाकडे बघत त्या म्हणाल्या, "एनिफा, मला भूक लागली आहे. काही खायला दे."

मर्सीने सांगितले. मशीन थांबले. एनिफाने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"घरात शिजवलेलं काही नाही," ती म्हणाली.

"मग थांबते."

"कोंबडी नाही."

"मी कोंबडीसाठी नाही आले."

एनिफा उठली. "ये म्हणावं," ती मर्सीला म्हणाली आणि मागच्या चुलीकडे गेली. बाई तिच्या मागोमाग गेल्या. तिथे कोणी त्यांना खुर्ची दिली नाही. एनिफाने पाणी उकळले, मक्याचे पीठ घातले आणि वल्ह्याएवढा लाकडी चाटू बाईंच्या हातात दिला. ते पीठ घट्ट होईपर्यंत घोटणे म्हणजे अंगमेहनतच. थोड्याच वेळात बाईंना घाम फुटला, हात भरून आले, पदर सुटला. एनिफा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तुमच्याकडे घोटत नाहीत का काही?" तिने मर्सीतर्फे विचारले.

"घोटतात. पण एवढं नाही घोटत. आमच्या घोटण्याने माणूस मरत नाही."

मर्सीने ते सांगताच एनिफाला पहिल्यांदा किंचित हसू आले. तिने चाटू काढून घेतला आणि दोन हातांनी गरगर फिरवून काम संपवले.

जेवायला तो मक्याचा गोळा, भोपळ्याच्या पानांची भाजी आणि सुकवलेले बारीक मासे. मुलगी जग-परात घेऊन आली. या वेळी बाईंनी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. त्या पोटभर जेवल्या, घरच्यासारखे हातानेच. मासे त्यांना इतके आवडले की त्यांनी पुन्हा मागून घेतले. दुसऱ्यांदा मागायला तितके जड गेले नाही.

जेवता जेवता त्यांनी मर्सीला सांगायला लावले की पुण्यात पाहुणा नको म्हणतो ते खरे नसते, तेव्हा त्या दिवशी त्या आग्रहाची वाट पाहत बसल्या होत्या. एनिफाला हे कळायला वेळ लागला.

"म्हणजे तुला हवं होतं?"

"फार हवं होतं."

"आणि तू नको म्हणालीस?"

"हो."

"आणि मी पुन्हा विचारलं असतं तर?"

"तर पुन्हा नको म्हणाले असते."

एनिफाने हातातला घास खाली ठेवला आणि मुलीला हाक मारून ते सगळे पुन्हा सांगितले. मायलेकी हसता हसता एकमेकींवर कलंडल्या. "मग तुमच्याकडे लोक जेवतात तरी केव्हा?" एनिफाने विचारले. बाईही हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. धुराने म्हणावे, तर चूल बाहेर होती.

हात धुऊन झाल्यावर एनिफा एकदम गंभीर झाली. तिने मर्सीला काही सांगितले. मर्सी चाचरू लागली.

"सांग ना. काय म्हणते ती?"

"म्हणते की... तुम्ही फार भरभर शिकवता. आणि तुम्ही आणलेला तो झालरीचा फ्रॉक इथे कोणी विकत घेणार नाही. इथे खपतो तो शाळेचा गणवेश. बायकांना ते पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं, पण पाहुणीला कसं सांगायचं?"

बाईंच्या कपाळावर आठी चढली. "तीस वर्षं शिकवतेय मी! झालर शिवता आली की बाकी सगळं येतं."

मर्सीने ते तसेच्या तसे पोहोचवले. एनिफाने हात झटकला. "येत असेल. पण झालर खाऊन पोट भरत नाही."

बाईंना बंगल्याचे आवार आठवले. आवारातल्या त्या ओळीत उभे राहून मॅडमला असे कोणी कधी सुनावले नव्हते. रिबीन नको, पाटी हवी, असे म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण आत कुठेतरी त्या सैल झाल्या.

"गणवेशाला कॉलर कोणती लावता तुम्ही? दाखव," त्या म्हणाल्या.

एनिफाने आतून एक जुना शर्ट आणला. बाईंनी तो उलटा केला, कॉलर नखाने चाचपली.

"ही शिलाई कोणाची?"

"माझी," एनिफा ताठ होत म्हणाली.

"उसव," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मर्सी घाबरून दोघींकडे बघू लागली. मग तिने तो शब्द सांगितला. एनिफाने डोळे मोठे केले, शर्ट बाईंच्या हातातून ओढून घेतला आणि आवाज चढवून ती शिलाई का बरोबर आहे ते सांगायला लागली. बाईंनी पिशवीतून खडू काढला आणि व्हरांड्याच्या फरशीवर कॉलर आखायला घेतली. एनिफाने तो खडू घेऊन त्याच्या शेजारी आपली आखली. मर्सी काही वेळ या तोंडाचे त्या तोंडाला सांगत राहिली. मग तिच्या लक्षात आले की आपल्याकडे कोणी बघतही नाही. ती पायरीवर जाऊन बसली, आणि त्या दोघी आपापल्या भाषेत, फरशीवर ओणव्या होऊन, भांडत राहिल्या.